दुप्पट म्हणजे किती?

वैद्यकीय संशोधनाचे निष्कर्ष लोकांपुढें मांडणें हें शास्त्रज्ञांचें काम; त्यांत साहित्याच्या टीकाकारानें लक्ष घालण्याचें कारण काय, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, निष्कर्ष प्रयोगशाळेंत सिद्ध होत असला तरी लोकांपर्यंत तो वाक्याच्या रूपानेंच जातो. आणि वाक्यांतला शब्द अर्थाला न्याय देतो कीं नाहीं, हें पाहणें टीकाकाराचेंच काम आहे. अशा कांहीं वाक्यांची परीक्षा आम्ही येथें करणार आहों.

१९९५ च्या ऑक्टोबर महिन्यांत ब्रिटनमधील औषध-सुरक्षा समितीनें डॉक्टर, औषधविक्रेते व वृत्तपत्रें यांना एक इशारा दिला. संततिनियमनाच्या कांहीं नव्या गोळ्यांमुळें शिरांमध्यें रक्ताची गुठळी होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या मानानें दुप्पट होतो, असा त्याचा आशय होता. आशय खोटा नव्हता. जुन्या गोळ्या घेणाऱ्या सुमारे ७,००० स्त्रियांत एकीला ही व्याधि होत असे, तर नव्या गोळ्या घेणाऱ्या तितक्याच स्त्रियांत दोघींना. एकाचे दोन झाले, म्हणजे दुप्पट झालेच. परंतु ७,००० हा आंकडा वाटेंत गळला आणि ‘दुप्पट’ हा एकटा शब्द घरोघर पोंचला. अनेक स्त्रियांनीं घाबरून गोळ्या सोडल्या. पुढील वर्षीं इंग्लंड व वेल्समध्यें अदमासें १३,००० गर्भपात अधिक झाले. शिवाय गर्भारपणांत गुठळी होण्याचा धोका त्या गोळ्यांच्या धोक्याहूनही मोठा असतो! ज्या संकटापासून स्त्रियांना वांचवावयाचें, त्याच्याच अधिक जवळ त्या इशाऱ्यानें कित्येकींना नेलें.

येथें दोष कोणाचा? संशोधकांनीं आंकडे चोरले नव्हते. समितीचा हेतूही शुद्ध होता. दोष शब्दयोजनेचा आहे. ‘दुप्पट’ हा परावलंबी शब्द आहे. एका पैच्या दोन पै झाल्या तरी दुप्पट, आणि लाखाचे दोन लाख झाले तरी दुप्पटच. मूळ मुद्दल न सांगतां नुसती वाढ सांगणारा हिशेब आपण वाण्याच्या दुकानांत मान्य करणार नाहीं. मग जीविताच्या हिशेबांत तो कां मान्य करावा?

दुसरें उदाहरण ‘वर्ग’ या शब्दाचें. २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें प्रक्रिया केलेलें मांस तंबाखूच्याच वर्गांत घातलें. मांस तंबाखूइतकेंच घातक, असा अर्थ अनेकांनीं काढला. वस्तुतः तो वर्ग पुरावा किती खात्रीचा आहे एवढेंच सांगतो. धोका किती मोठा हें सांगत नाहीं. तज्ज्ञांच्या मंडळींत हा भेद सर्वांस ठाऊक असतो, आणि म्हणूनच तो उच्चारण्याची गरज त्यांना वाटत नाहीं. लोकांशीं बोलतांना मात्र तोच भेद प्रथम सांगावयास हवा.

यावर कोणी म्हणेल, सामान्य जनांस गणित कळत नाहीं, त्याला लेखकानें काय करावें? हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. १९७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, हार्वर्डच्या रुग्णालयांतील डॉक्टर व विद्यार्थी मिळून ६० जणांना एक प्रश्न घातला होता. हजारांत एकाला होणारा रोग आहे. त्याची चांचणी निरोग्यांपैकीं शेंकडा ५ जणांना चुकीनें रोगी ठरविते. तर चांचणींत रोगी ठरलेला मनुष्य खरोखर रोगी असण्याचा संभव किती? जवळजवळ निम्म्यांनीं शेंकडा ९५ असें सांगितलें. बरोबर उत्तर देणारे अवघे ११ निघाले. आतां तीच गोष्ट अशी सांगा: हजार माणसें घ्या, त्यांत रोगी एक, तो चांचणींत सांपडतो, उरलेल्या निरोग्यांतही सुमारे ५० जण चुकीनें सांपडतात. म्हणजे ५१ सांपडले, त्यांत खरा रोगी एक, शेंकडा दोनच! १९९६ सालीं लेडा कॉस्मिडीस व जॉन टूबी यांनीं हें कोडें अशाच मोजणीच्या भाषेंत विद्यार्थ्यांना घातलें, तेव्हां सुमारे तीन-चतुर्थांश जणांनीं तें सोडविलें. गणित तेंच होतें. बदलली ती भाषा. तेव्हां जी भाषा लोकांना उपकारक, तीच डॉक्टरांनाही उपकारक आहे.

भीति घातल्यावांचून लोक सावध होत नाहींत, असाही एक पक्ष आहे. १९९५ ची हकीकत हेंच त्याला उत्तर आहे. मात्र सुबोधतेच्या नांवाखालीं शंकाही पुसून टाकणाऱ्यांचें समर्थन आम्ही करणार नाहीं. ‘अमुक खाणाऱ्यांत तमुक रोग कमी आढळला’ हें एक विधान, आणि ‘अमुक खाल्ल्यानें तमुक रोग कमी होतो’ हें सर्वस्वी दुसरें. पहिल्यांत केवळ साहचर्य आहे, दुसऱ्यांत कार्यकारणभाव. खाणारे लोक मुळांतच सुखवस्तु वा अधिक व्यायाम करणारे असूं शकतील. एका क्रियापदाच्या फेरफारानें संशोधनाच्या पदरीं न सिद्ध झालेला सिद्धान्त बांधला जातो.

मराठींत आरोग्यावर लिहिणारांकडे आमचें मागणें थोडकेंच आहे. धोका सांगतांना किती जणांत किती, किती काळांत आणि कशाच्या तुलनेनें, या तीन गोष्टी त्याच वाक्यांत याव्यात. शेंकडा, दर हजारीं, दर लाखीं हे शब्द आपल्या भाषेंत पूर्वापार आहेत; नवी परिभाषा घडविण्याची गरज नाहीं. आणि वाचकांनींही ‘दुप्पट’ हा शब्द दिसतांच ‘कशाच्या?’ असें विचारण्याची संवय लावून घ्यावी. औषधाची गोळी घेण्याचा वा सोडण्याचा निश्चय त्यानंतर, डॉक्टरांशीं बोलून, करावा.