वाङ्मयांतील मूर्च्छा आणि घरांतील भोवळ

व्हर्जिनिया वुल्फ या विदुषीनें १९२६ सालीं आजारपणावर एक निबंध प्रसिद्ध केला. प्रेम, युद्ध, मत्सर यांना वाङ्मयांत जें स्थान लाभलें, तें आजारपणाला कां लाभूं नये, हा तिचा प्रश्न. आणि साध्या डोकेदुखीचें वर्णन करूं जातां इंग्रजी भाषा तोकडी पडते, ही तिची तक्रार. मराठीला ही तक्रार लागू नाहीं. घेरी, भोवळ, झीट, अंधारी, मळमळ, उमासा. शब्दांची आमच्याकडे वाण नाहीं. वाण आहे ती वेगळ्याच गोष्टीची.

वाङ्मयांतील माणसें पडतात तीं सकारण पडतात. 'उत्तररामचरिता'च्या तिसऱ्या अंकांत राम मूर्च्छित होतो तो सीतेच्या विरहानें, आणि सावध होतो तो अदृश्य सीतेच्या स्पर्शानें. डोस्टोव्हस्कीला अपस्माराचा स्वतः अनुभव होता. तरीही 'इडियट' कादंबरींतला प्रिन्स मिश्किन जिन्यावर कोसळतो तो नेमका अशा क्षणीं, कीं त्या झटक्यामुळेंच तो रोगोझिनच्या सुरीपासून वांचतो. कलेला हें शोभतें. पण अशा पडण्याची संवय झालेला वाचक खऱ्या पडण्यापुढें गोंधळतो.

हें आम्ही केवळ ग्रंथांच्या आधारें लिहीत नाहीं. आमची कन्या १६ वर्षांची आहे व बरींच वर्षें आजारी आहे. गेल्या वर्षापासून ती पडूं लागली. विरह नाहीं, शोक नाहीं. देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या दहा पावलांत ती कोसळते, आणि मग दुपारपर्यंत मळमळीनें तिला अन्नाकडे पाहवत नाहीं. तपासण्यांत दोष निघेना, तेव्हां एका डॉक्टरांनीं निकाल दिला: "मनाचें आहे." क्षणभर आम्हांलाही तें पटलें, हें कबूल केलें पाहिजे, कादंबऱ्यांनीं आम्हांला तेंच शिकविलें होतें. त्या रात्रीं तिनें विचारलें, "बाबा, मी मुद्दाम पडतें असें तुम्हांला वाटतें का?"

कारण सांपडलें नाहीं आणि कारण नाहीं, हीं दोन विधानें भिन्न आहेत. उभें राहतांच नाडी धांवूं लागून घेरी व मळमळ आणणारा एक विकार आहे. त्याचें आजचें नांव १९९३ सालीं रूढ झालें. उभें राहिल्यापासून १० मिनिटांच्या आंत, रक्तदाब विशेष न उतरतां, कुमारवयांत नाडी मिनिटाला ४० किंवा अधिक ठोक्यांनीं वाढली, तर त्याचा संशय घेतात. रुग्णाला केवळ निजवून तपासणाराला तो दिसावयाचा नाहीं. आमच्या मुलीस तोच आहे असें अद्याप ठरलेलें नाहीं. पण पुरावा पुरता न पाहतां निकाल देणें ही वाईट टीका, मग ती ग्रंथाची असो वा देहाची.

आतां आम्ही एक वही ठेवितों: वेळ, जागा, आधीं काय खाल्लें, नाडीचे ठोके, किती वेळानें सावरली. न्हाणीघरांत स्टूल ठेविलें आहे. अंथरुणांतून उठतांना ती प्रथम पाय खालीं सोडून बसते. वहींत विशेषण एकही नाहीं, आणि 'कारण' हा रकाना कोरा आहे. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनीं ती पहिल्या पानापासून वाचली, व तो रकाना कोराच राहूं द्या म्हणून सांगितलें. एवढा संयम आमच्या कथालेखकांत क्वचितच आढळतो. आणि आमच्यासारख्या टीकाकारांत तर त्याहूनही क्वचित.