सिद्दी एकटाच राहायचा का?

राजापुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी सुटली की दोन-तीन मिनिटांत गाइड बोलायला लागतो. जंजिऱ्याला मी आजवर तीनदा गेलोय. तीन वेगळे गाइड मिळाले, पण गोष्ट जवळपास एकच. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. कोळ्यांच्या राम पाटलाचा लाकडी मेढेकोट दारूच्या पिंपांची युक्ती करून घेतला. मग शिवाजी महाराजांचे प्रयत्न, १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी खाडीत दगडांचा भराव घालायला घेतला तो, तीन तोफा, आणि शेवटी तो शब्द: अजिंक्य.

एकच कथन इतक्या तोंडांतून इतकं घोटून येत असेल, तर ते एखाद्या पुस्तकासारखं वाचता यायला हवं. म्हणून हे किल्ल्याचं परीक्षण नाही, होडीत ऐकलेल्या त्या गोष्टीचं आहे.

गोष्ट चांगली आहे, हे आधी सांगतो. दरवाजाचं वाक्य नेमकं होडी वळते त्या क्षणी येतं आणि भिंतीतून कमान उघडल्यासारखी दिसते. हे टायमिंग कुठल्याही ड्रोनच्या रीलला जमलेलं नाही. रीलमध्ये ढोल-ताशे असतात, वरून दिसणारा तट असतो, आणि माणूस एकही नसतो. गाइडच्या गोष्टीत निदान माणसं आहेत. लाय पाटलाची गोष्ट तर मला अजून पुरते. रात्रीच्या अंधारात तटाला शिड्या लावल्या, मागून मोरोपंतांची माणसं यायची होती. पहाट व्हायला आली तरी आली नाहीत. शिड्या काढून हा गडी परत. महाराजांनी पालखीचा मान देऊ केला, तर म्हणाला, दर्यावर्दी माणसाला पालखी काय करायची? मग त्याला 'पालखी' नावाचं गलबतच दिलं. हरलेल्या मोहिमेची इतकी देखणी गोष्ट आपल्याकडे फारशी नाही.

पण गेल्या डिसेंबरात आमच्या होडीत सात-आठ वर्षांचा एक मुलगा होता. तोफांपर्यंत सगळं ऐकून घेतल्यावर त्याने विचारलं, "काका, मग आत कोण राहायचं?"

"सिद्दी."

"एकटाच?"

होडीभर हशा पिकला. मीही हसलो. परतताना मात्र ते डोक्यातून जाईना. कारण पोराने गोष्टीचं व्याकरण पकडलं होतं. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केला, संभाजी महाराजांनी केला, पेशव्यांनी केला. प्रत्येक वाक्याचा कर्ता तटाच्या बाहेर उभा आहे. आत फक्त 'सिद्दी', एकवचनी, बिननावाचा, तीनशे वर्षं न मरता दार लावून बसलेला. कित्येकांच्या डोक्यात तर पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहरही इथलाच असतो. तो आदिलशाहीचा सरदार, त्याचा जंजिऱ्याशी संबंध नाही.

आत खरं तर बरीच माणसं होती. हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूने आलेल्यांचे वंशज. जंजिरा संस्थानालाही पुढे हबसाण म्हणत. याकुतखान हा मोगलांच्या आरमाराचा माणूस. त्याने १६८९-९० मध्ये इंग्रजांच्या मुंबईला वेढा घालून त्यांच्या नाकी नऊ आणले होते. रायगड १७३३ मध्ये मराठ्यांकडे परत आला, तोवर तो जंजिऱ्याच्या सिद्द्यांच्या हाती होता. हे वाक्य मी होडीत कधीच ऐकलेलं नाही. ऐकलं असतं तर 'अजिंक्य' या शब्दाचा अर्थ जरा बदलला असता. भिंत जाड होती एवढ्यावर भागत नव्हतं. मागे दिल्ली होती, जहाजं होती, किनाऱ्यावरचा मुलूख होता.

याचा अर्थ सिद्द्यांना नायक करा असा नाही. त्यांनी किनाऱ्यावरची गावं लुटली, जाळली, माणसं धरून नेली. कोकणात त्यांचा धाक उगीच नव्हता. पण ज्याच्यावर राग धरायचा त्यालाही नाव लागतं. नाव नसलेल्याचं काहीच होत नाही. ना राग, ना कुतूहल. फक्त भिंत उरते आणि भिंतीपुढे सेल्फी.

माझाही हात यात आहे. विसाव्या वर्षी कलालबांगडी तोफेवर कोपर टेकून काढलेला माझा फोटो अजून इन्स्टावर आहे. खाली लिहिलंय, 'अजिंक्य'. कोण अजिंक्य, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी बहुधा 'किल्ला' म्हणालो असतो.

गोष्टीत एकच जागा अशी आहे जिथे किल्ला स्वतः बोलतो. दरवाजाजवळचं ते शिल्प: वाघासारखा प्राणी आणि त्याने पंजात धरलेले हत्ती. गाइड सांगतो, वाघ म्हणजे सिद्दी, हत्ती म्हणजे त्याचे शत्रू. दहा सेकंदं. मग "चला चला, पाय जपून". आतलं गोड्या पाण्याचं मोठं तळं, ढासळलेली मशीद, सुरूलखानाच्या वाड्याच्या उभ्या भिंती, या सगळ्यासमोर तो फक्त हात करतो. चारी बाजूंना खारं पाणी असताना त्या तळ्याच्या काठी कोण बायका यायच्या, मुलं कुठे पोहायला शिकायची, हे विचारायला तिथे उसंतच नसते.

उतरल्यावर मी गाइडला म्हटलं, आतल्या माणसांबद्दल तुम्ही काहीच सांगत नाही. मला वाटलं चिडेल. तो शांतपणे शिडाची दोरी गुंडाळत राहिला. "दादा, पाऊण तासात एवढंच बसतं. आणि लोकांना लढाई पाहिजे. मी आधी सांगायचो नावं. लोक मोबाइल बघत बसायचे." मग हात करून म्हणाला, "नावं पाहिजेत तर खोकरीला जा. जवळच आहे."

गेलो. तीन घुमट, दगडी जाळ्या, भोवती गवत. सर्वांत मोठी कबर सुरूलखानाची, शेजारच्या दोन याकुतखान आणि खैरियतखान यांच्या. वाड्यासमोर ज्याच्या नावाने नुसता हात झाला होता, तो इथे मोठ्या घुमटाखाली होता. तिकीट नाही, गाइड नाही, शहाळंवालाही नाही. अर्ध्या तासात फक्त एक शेळी आली आणि पायऱ्यांवर बसली. मी फोटो काढला. खाली काय लिहायचं ते सुचलं नाही, म्हणून तिन्ही नावं लिहिली.