पार्सर निवडताना विचारायचा प्रश्न: हा माझ्यापासून काय लपवतोय?

पीएचडीच्या प्रवेशासाठी प्रपोजल लिहिणाऱ्यांपैकी भाषा, कोश किंवा जुने दस्तऐवज असा विषय घेतलेल्यांना कधी ना कधी टेक्स्ट पार्सिंग करावंच लागतं. पार्सिंग म्हणजे काय, तर सलग मजकुरातून त्याची रचना बाहेर काढणं. त्यासाठी फुकट आणि ओपन सोर्स साधनं भरपूर आहेत. त्यातली चार आज तुलनेला घेऊ: अँटलर, लार्क, रॉबर्ट निस्ट्रॉम यांचं 'क्राफ्टिंग इंटरप्रिटर्स' हे पुस्तक, आणि गिटहबवरचा 'पायथन-पॅटर्न्स' हा संग्रह.

कसोटीला एकच काम घेऊ. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ची दुसरी आवृत्ती. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत तो ऑनलाइन आहे. प्रत्येक नोंदीत आधी मराठी शब्द, मग लिंग किंवा शब्दजात सांगणारी एकदोन इंग्रजी अक्षरं आणि पुढे अर्थ. दिसायला सोपं. पण विशेषणाची खूण आहे इंग्रजीतलं छोटं 'ए', आणि इंग्रजीत 'ए' हे आर्टिकलही आहे. एखाद्या नोंदीत शब्दजात दिलेलीच नसेल, तर तो 'ए' खूण मानायचा की अर्थाचा पहिला शब्द? माणूस संदर्भाने ओळखतो. पार्सर काय करेल?

अँटलर दोन शक्यता दिसल्या की तुम्ही व्याकरणात जो पर्याय आधी लिहिलाय तो घेतं आणि पुढे जातं. संदिग्धता होती हे कळायला वेगळा डायग्नॉस्टिक लिसनर जोडावा लागतो. प्रोग्रामिंग भाषेसाठी हे ठीक आहे, कारण तिथे संदिग्धता नकोच असते. कोशाच्या संशोधनात मात्र ती संदिग्धता हाच तुमचा डेटा असतो! अँटलरच्या बाजूनेही सांगायला हवं: वेग चांगला आहे, तयार व्याकरणांचा मोठा साठा आहे, आणि ४.७ आवृत्तीपासून युनिकोडचे अक्षरगट थेट व्याकरणात लिहिता येतात. फक्त पार्सर तयार करायला जावा लागतं, हे पायथनवाल्यांनी लक्षात ठेवा.

लार्क शुद्ध पायथनमध्ये आहे आणि त्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत: अर्ली आणि एलएएलआर. अर्ली निवडून अँबिग्युइटी 'एक्स्प्लिसिट' ठेवली, तर दोन्ही अर्थांची झाडं तुमच्यासमोर येतात. मोल्सवर्थसाठी नेमकं हेच हवं. पण वेगासाठी एलएएलआरकडे गेलात तर शिफ्ट-रिड्यूसचा संघर्ष ते 'शिफ्ट' मानून गुपचूप सोडवतं. डीबग लॉग चालू नसेल तर पत्ताही लागत नाही. म्हणजे एकाच लायब्ररीत एक पर्याय सगळं दाखवतो आणि दुसरा झाकतो. अनेक ट्युटोरियल्स 'एलएएलआर वेगवान आहे' एवढंच सांगून थांबतात, ही माझी तक्रार आहे.

आणखी एक खड्डा. पायथनच्या नेहमीच्या 're' मॉड्यूलमध्ये शब्द पकडायला आपण बॅकस्लॅश डब्ल्यू वापरतो. 'मराठी' या शब्दावर ते चालवून बघा. हाती येतं 'मर' आणि 'ठ'. काना आणि वेलांटी या युनिकोडमध्ये 'मार्क' गटात मोडतात, आणि 're' त्यांना शब्दातलं अक्षर मानत नाही. कुठलीही एरर येत नाही, फक्त तुमची शब्दगणना चुकते. लार्कमध्ये 're'ऐवजी 'रेजेक्स' ही लायब्ररी वापरायची सोय आहे. देवनागरीसाठी ती सुरुवातीलाच चालू करा.

क्राफ्टिंग इंटरप्रिटर्स हे साधन नाही, पुस्तक आहे. वेबवर पूर्ण वाचायला मिळतं. त्यात स्कॅनर आणि पार्सर हाताने लिहायला शिकवलंय, आधी जावात, मग सी भाषेत. शिकण्यासाठी या चौघांत मी याला पहिला नंबर देईन. 'व्हिजिटर' पॅटर्न का लागतो हे इथे गरजेतून उमगतं: झाडाचे नोड ठरलेले आहेत, त्यांच्यावरची कामं वाढत जाणार आहेत, मग प्रत्येक नोडच्या क्लासमध्ये किती वेळा हात घालणार? मर्यादा दोन. यातला स्कॅनर व्हेरिएबलच्या नावात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर घेतो. देवनागरी नाव दिलंत की अडतो. आणि कोड एमआयटी लायसन्सखाली असला तरी पुस्तकाच्या मजकुरातून नवी कृती बनवून वाटायला परवानगी नाही. त्यामुळे 'ओपन आहे' म्हणून मराठी भाषांतर टाकायला जाऊ नका, आधी लेखकाला विचारा.

पायथन-पॅटर्न्स मध्ये पॅटर्न्सची छोटी उदाहरणं एकत्र मिळतात. पण व्हिजिटरच्या उदाहरणातले क्लास आहेत ए, बी आणि सी. पॅटर्न कसा दिसतो ते कळतं, तो कुठल्या दुखण्यावरचं औषध आहे ते कळत नाही. आठवण ताजी करायला चांगलं, पहिल्यांदा शिकायला नाही. दोष एकट्या या संग्रहाचा नाही. १९९४च्या मूळ 'डिझाइन पॅटर्न्स' ग्रंथातही 'इंटरप्रिटर' पॅटर्न आहे, पण झाड तयार कसं करायचं, म्हणजे पार्सिंग, हा भाग त्याने बाहेरच ठेवलाय. झाड तयार असल्यावर पॅटर्न मदत करतो. झाड बरोबर आहे का, हे तो विचारत नाही.

मग घ्यायचं काय? शिकायला निस्ट्रॉम यांचं पुस्तक, संशोधनाच्या मजकुरासाठी लार्कचं अर्ली, आणि व्याकरण पक्कं झाल्यावर मजकूर प्रचंड असेल तर अँटलर. अर्ली मोठ्या मजकुरावर हळू पडतं, हे मान्य. पण थीसिसमध्ये 'कोशात इतकी विशेषणं सापडली' असं लिहाल, तेव्हा व्हायवात परीक्षक विचारणार, 'हा आकडा तुम्ही काढलात की तुमच्या पार्सरच्या डीफॉल्टने?' त्याचं उत्तर तुमच्याकडे हवं.

साधन ठरवण्याआधी एक दिवस काढा. तुमच्या मजकुरातल्या ५० नोंदी निवडा, त्यांची रचना स्वतः हाताने वहीत मांडा, मग त्याच नोंदी दोन साधनांतून काढा. जिथे तिघांची उत्तरं जुळत नाहीत, त्या नोंदींची यादी जपून ठेवा. मेथडॉलॉजीच्या प्रकरणाची सुरुवात तिथूनच करता येईल.