कुमारांना पुस्तकाची बातमी कोण देते?

महाराष्ट्रातील मराठीच्या पाठ्यपुस्तकांची नावे पाहा. पहिली ते आठवी ‘बालभारती’, नववी-दहावीला ‘कुमारभारती’, अकरावी-बारावीला ‘युवकभारती’. वाढत्या वयाच्या तीन पायऱ्या पाठ्यपुस्तक मंडळाने वेगळ्या ओळखल्या. आपल्या साहित्यव्यवहाराने मात्र पहिल्या दोन एकत्र करून ‘बालकुमार’ असा जोडशब्द घडवला. संमेलन बालकुमारांचे, विशेषांक बालकुमारांचा, प्रदर्शनातील टेबलही बालकुमारांचे. चित्रांवर बोट ठेवून वाचणारे पाच वर्षांचे मूल आणि मिसरूड फुटू लागलेला पंधरा वर्षांचा मुलगा एकाच मांडवात बसतात. मांडव अर्थातच धाकट्याच्या मापाचा असतो, आणि थोरला हळूच उठून निघून जातो. मग आपण म्हणतो, आठवीनंतर मुलांचे वाचन सुटते.

ते सुटते की आपण सोडवतो, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाला जवळची वाटतील अशी पुस्तके मराठीत आहेत. ती आहेत ही बातमी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ती पोहोचवण्याची हक्काची जागा म्हणजे हायस्कूलचे ग्रंथालय, आणि ही बातमी तयार करणे हे समीक्षेचे काम.

आधी ग्रंथालयाकडे पाहू. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, तेथे वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. पण हा कायदा आठवीपर्यंतचा. १९६७चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम गावोगावच्या वाचनालयांसाठी आहे. नववी-दहावीचा वाचक या दोन कायद्यांच्या मधल्या फटीत उभा आहे. हायस्कुलातील ग्रंथपालाचे पद पटसंख्येवर ठरते. पट कमी असला की कपाटाची किल्ली एखाद्या शिक्षकाच्या खिशात जाते आणि त्याच्या तासिका संपेपर्यंत तेथेच राहते.

सांगली आणि मिरज यांच्या मधले आमचे विश्रामबाग शिक्षणाने वाढलेले उपनगर आहे. १९१९चे विलिंग्डन महाविद्यालय येथले, वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयही येथले. त्यांच्या आसपास शाळा आणि शिकवणीवर्गांच्या पाट्या. या परिसरातील हायस्कुलांच्या ग्रंथालयांत मी अधूनमधून जातो. मांडणी बहुधा सारखीच. एका कपाटात बोधकथा, थोरांची चरित्रे, सामान्यज्ञान आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके. दुसऱ्यात कादंबऱ्या आणि आत्मचरित्रे, ते शिक्षकांचे. पहिले मुलांना लहान झालेले, दुसरे त्यांच्यासाठी बंद. फलकावर शिष्यवृत्तीची आणि प्रवेशाची तारीख असते. नव्या पुस्तकाचे नाव क्वचितच.

पूर्वी ही बातमी कोण देत असे? मासिके देत. वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ १९०६चे. आमच्याच जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीहून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले आणि पुढे ‘किर्लोस्कर’ म्हणून घरोघर गेले. ‘गोट्या’ आणि ‘चिंगी’ लिहिणारे ना. धों. ताम्हनकर त्याच वाडीत नोकरीला होते. भा. रा. भागवतांनी ‘बालमित्र’ चालवले, ‘फास्टर फेणे’ लिहिला आणि ज्यूल व्हर्न मराठीत आणला. १९७१पासून पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ आले. मासिकात एक गोष्ट वाचायची, लेखकाचे नाव लक्षात ठेवायचे आणि मग वाचनालयात त्याचे पुस्तक मागायचे, अशी ती साखळी होती. परीक्षण न लिहिताही पुस्तकाची बातमी पसरत होती.

या परंपरेची मर्यादाही सांगितली पाहिजे. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्या भवनात शिकायला आलेला बनेश फेणे सायकलवरून ज्या वेगाने संकटात शिरतो, त्या वेगाची मराठी कथेला गरज होती. भागवतांची वाक्ये त्याच्या सायकलइतकीच चपळ आहेत. दहा-बारा वर्षांच्या वाचकाला याहून अधिक काही नको. पण फेणे मोठा होत नाही. त्याला आरशासमोर उभे राहून स्वतःचा राग येत नाही, घरच्यांशी त्याचे बिनसत नाही, कोणाविषयी नाव न देता येणारी ओढ वाटत नाही. साहसकथेला हे जमवायची गरज नसते. वाचक मात्र एका वर्षात त्या वयाच्या पुढे गेलेला असतो.

त्याचे पुढचे पुस्तक शिक्षकांच्या कपाटात आहे. कराडला भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या प्रकाश नारायण संतांचा लंपन पाहा. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ ही चार पुस्तके प्रौढ वाचकांनी डोक्यावर घेतली. आईवडिलांपासून दूर, सीमाभागातल्या गावी आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा स्वतःच्या मनाचा हिशेब स्वतःच मांडत असतो. सुमीविषयी काय वाटते ते त्याला सांगता येत नाही, आणि संत ते त्याच्या वतीने सांगूनही टाकत नाहीत. हा संयम कुमारांच्या म्हणून छापलेल्या किती कादंबऱ्यांत सापडेल? आनंद यादवांची ‘झोंबी’ (१९८७) कागलच्या ज्या मुलाची आहे, त्याला शिकायचे आहे आणि बाप शिकू देत नाही. आटपाडीच्या शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) जातीने आखलेल्या गावातून पुस्तकाच्या बळावर बाहेर पडणाऱ्या मुलाचे आहे. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला (१९५५) मास्तर आजच्या बारावीच्या मुलाहून फारसा मोठा वाटत नाही.

मुलींचे तर याहून अवघड. चिंगीनंतर कुमारांच्या कपाटात मुलगी नायिका शोधावी लागते. पण अकराव्या वर्षी लग्न होऊन सासरी गेलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त जे हसत हसत लिहिले, ते दहावीतल्या मुलीला आजही कळते. फलटणच्या बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ तिला गावाची दुसरी बाजू दाखवील.

यांतले एकही पुस्तक मुलांसाठी म्हणून लिहिलेले नाही. म्हणूनच त्यांत उपदेश नाही. कुमारांसाठी म्हणून लिहिताना आपला लेखक पुष्कळदा वाचकाच्या डोक्यावरून पालकांकडे पाहत असतो. पुस्तक विकत घेणार पालक, निवडणार शिक्षक. मग त्या दोघांना पटेल असाच नायक घडतो. याला अपवाद आहेत. ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’ला २०१७चा आणि सलीम मुल्ला यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ला २०१९चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पुरस्काराची बातमी वर्तमानपत्रात एक दिवस येते. ती कापून ग्रंथालयाच्या फलकावर लावायची कोणी, हे ठरलेले नसते.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की ‘झोंबी’तली मारझोड, दलित आत्मकथनांतली भूक आणि शिव्या या वयाला झेपतील का? आक्षेप घेणाऱ्यांत तळमळीचे शिक्षक आहेत. पालकांची तक्रार शेवटी त्यांनाच निस्तरावी लागते, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. पण हे अनुभव वर्गातल्या काही मुलांच्या घरी रोजचे आहेत. त्यांच्यापासून पुस्तक लपवून आपण त्यांचे रक्षण करत नाही. हे फक्त आपल्याच वाट्याला आले, असे त्यांना वाटू देतो. सगळी पुस्तके सगळ्यांना द्यावीत असे मी म्हणत नाही. कोणाला कोणते आणि केव्हा, हे ठरवण्यासाठी पुस्तक वाचलेला आणि मूल ओळखणारा माणूस हवा. ग्रंथपाल म्हणतात तो हाच.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या सार्वजनिक ग्रंथालयात मार्गारेट एडवर्ड्स या ग्रंथपाल बाईंनी गेल्या शतकात हेच ओळखले होते. त्यांनी कुमारांसाठी वेगळे ग्रंथपाल तयार केले. ते शाळांच्या वर्गांत जात, पुस्तकाविषयी बोलत, गोष्ट ऐन रंगात आली की थांबत. त्यांच्या टोपणनावाने १९९८पासून ‘अलेक्स’ पुरस्कार दिले जातात : दरवर्षी दहा पुस्तकांना, प्रौढांसाठी लिहिलेल्या पण बारा ते अठरा वयाच्या वाचकांना भिडतील अशा. निवड ग्रंथपालांची समिती करते.

आपल्याकडे याची सुरुवात झालेली नाही असे नाही. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेल्या ‘वाचू आनंदे’चा कुमारगट वेगळा आहे. त्यातला प्रत्येक उतारा म्हणजे मूळ पुस्तकाची बातमीच. ‘कुमारभारती’तही लेखकाच्या परिचयात त्याच्या पुस्तकांची नावे असतात. ती पाठ होतात, मागितली जात नाहीत. २०१५पासून १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन झाला. त्या दिवशी टेबलावर ‘अग्निपंख’ मांडले जाते, ते योग्यच. त्याच्या शेजारी त्याच शाळेतल्या चार मुलांनी आपल्या अक्षरात लिहिलेल्या चार पुस्तकांच्या बातम्या लावायला कोणाची परवानगी लागत नाही.

उरते समीक्षेचे काम. दिवाळी अंकांत वर्षभरातील कादंबरीचा, कवितेचा, नाटकाचा आढावा येतो. कुमारांच्या पुस्तकांचा आला तर ‘बालसाहित्य’ या शीर्षकाखाली दोन परिच्छेदांत. प्रौढ पुस्तकांतून कुमारांसाठी दहा निवडून त्यांवर प्रत्येकी पानभर लिहिणारा आढावा एखाद्या तरी अंकाने दरवर्षी छापावा. तोच अंक तालुक्यातील हायस्कुलांना पाठवावा. शिक्षकाला पुस्तक निवडायला आधार मिळेल आणि पालकाला द्यायला उत्तर. नववी ते दहावी ही दोनच वर्षे हातात असतात. त्यानंतर ती मुलगी अकरावीच्या शिकवणीला जाईल, आणि ‘स्मृतिचित्रे’ तिच्याच शाळेच्या कपाटात होते हे तिला कळणारही नाही.