मुखवट्याच्या डोळ्यावर फोकस

शार्ल फ्रेझे या फ्रेंच फोटोग्राफरचं ‘व्हिल्डर मान’ हे पुस्तक २०१२ साली आलं. हिवाळा सरत असताना, ख्रिसमसपासून कार्निव्हलपर्यंतच्या दिवसांत, युरोपातल्या खेड्यापाड्यांमध्ये माणसं जनावरांची, भुतांची आणि रानमाणसांची सोंगं घेतात. हे त्यांचे फोटो आहेत. स्लोव्हेनियातले मेंढीच्या कातड्यातले, लांब लाल जिभांचे कुरेंत. हंगेरीतल्या मोहाच गावचे शिंगं लावलेले, लाकडी मुखवट्यांचे बुशो. सार्डिनियातल्या मामोइयादा गावचे काळ्या मुखवट्यांचे मामुथोनेस. प्रत्येक सोंग एकटं, माळावर नाहीतर बर्फात, कॅमेऱ्याकडे तोंड करून उभं. पुस्तक देखणं आहे, आणि त्याच्या यशाने सोंगांचे फोटो काढण्याचा एक साचाच पाडून ठेवला. आज कुठल्याही उत्सवाचे ‘गंभीर’ फोटो पाहा: एक माणूस, पूर्ण वेष, मागे मोकळी जागा, चेहऱ्यावर (म्हणजे मुखवट्यावर) भाव शून्य. फ्रेझे पुढे याच पद्धतीने जपानला गेला, अमेरिका खंडांत गेला आणि भारतातही आला. इथल्या कामाचं पुस्तक ‘आम आस्था’ या नावाने निघालं.

माझी तक्रार देखणेपणाबद्दल नाही. मामुथोनेसचंच घेऊ. पाठीवर तीसेक किलोंच्या घंटा बांधलेले हे लोक दोन रांगांत, एका ठेक्यात, जडशीळ उड्या मारत गावातून जातात. त्यांच्या बरोबर लाल डगलेवाले इस्सोहादोरेस असतात, आणि त्यांच्या हातात दोर असतो. तो ते बघ्यांवर फेकतात. रस्त्याच्या कडेला निवांत उभं राहून बघणाऱ्याच्या गळ्यात एकदम फास पडतो आणि तो खेळात ओढला जातो. हे सोंग म्हणजे कातडं आणि लाकूड नव्हे. तो ठेका, तो आवाज आणि तो दोर म्हणजे हे सोंग. फोटोत आवाज येत नाही हे खरं, त्याचा दोष फ्रेझेला देता येणार नाही. पण ज्याच्या गळ्यात दोर पडायचा तो माणूस त्याने स्वतःहून फ्रेमबाहेर ठेवलाय. सणाच्या गर्दीतून बाहेर, वेगळी जागा निवडून, सोंगांना उभं करून काढलेले हे फोटो आहेत.

माझ्या धंद्यात अशा चित्रांना वेगळं नाव आहे. एखाद्या प्रोग्रामला वस्तू ओळखायला शिकवायची असेल तर आपण त्याला हजारो फोटो देतो: वस्तू मधोमध, मागे अडगळ नाही, अंतर सारखं, खाली लेबल. त्याला डेटासेट म्हणतात. ‘व्हिल्डर मान’ हा एक अप्रतिम डेटासेट आहे. शेवटी कोणतं सोंग कुठलं याच्या छोट्या नोंदीसुद्धा आहेत. आणि आपल्याकडच्या वाचकाला हा प्रकार ओळखीचा वाटायला हवा. १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिशांनी ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड काढले होते. त्यात आपले पणजोबा-खापरपणजोबा जात आणि जमात या लेबलांखाली असेच उभे केले होते. फ्रेझेचा हेतू तसा नाही, त्याला या माणसांबद्दल आदर आहे. पण साचा हेतू विचारत बसत नाही.

कार्निव्हलच्या बाबतीत हा साचा जास्तच नडतो, कारण कार्निव्हलमध्ये बघे नसतात, निदान नसावेत अशी मूळ कल्पना आहे. रशियन अभ्यासक मिखाइल बाख्तिनने राबलेवरच्या आपल्या पुस्तकात हे मांडलं. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की कार्निव्हलला रंगमंच नसतो. तो कोणी बघत नाही, सगळे त्यात राहतात. हे पुस्तकी वाटलं तर गोव्यातल्या जुन्या माणसांना विचारा. पूर्वीच्या कार्निव्हलमध्ये पीठ किंवा भुसा भरलेल्या कागदी पुड्या, ज्यांना कोकोत म्हणत, एकमेकांवर फेकल्या जात. गच्चीतून, खिडकीतून, रस्त्यावरून. ओळखीच्यांच्या घरावर टोळीने ‘हल्ला’ करून तिथेच नाच सुरू करायचीही पद्धत होती. अशा ठिकाणी कोणी तिऱ्हाईत फोटोग्राफर असता तर त्याच्या लेन्सवर दोन मिनिटांत पीठ बसलं असतं. तेच बरोबर झालं असतं.

मग १९६५ मध्ये पणजीत चित्ररथांची मिरवणूक सुरू झाली. नाट्यकलावंत तिमोतियो फर्नांडिस पहिले किंग मोमो झाले. आता शनिवारी, साबादो गोर्दोला, मोमो येतो, खा-प्या-मजा करा असं फर्मान काढतो, मांडवीच्या काठच्या रस्त्यावरून रथ जातात आणि दुतर्फा कठड्यामागे आपण. मी दोन वर्षं तिथे कॅमेरा घेऊन उभा होतो. माझ्या कॅमेऱ्यात माणसाचा डोळा शोधून त्यावर फोकस धरणारी सोय आहे. समोरून पुठ्ठ्याचं भलंमोठं डोकं घातलेला नाचरा आला की कॅमेऱ्यातला तो छोटा चौकोन गोंधळायचा, मुखवट्यावरून सरकायचा आणि मागच्या कठड्याला टेकलेल्या पोलिसावर किंवा खांद्यावर पोर घेतलेल्या बापावर जाऊन बसायचा. कॅमेऱ्याच्या दृष्टीने सोंग हा माणूसच नव्हता. (मागच्या पोलिसाचे माझ्याकडे फार चांगले फोटो आहेत.) फोनचा पोर्ट्रेट मोड याच्या उलट करतो: पुढचा ठेवतो, मागचे सगळे पुसट. फ्रेझेने जे काम वर्षानुवर्षं हिंडून केलं ते आता चिपमध्ये बसलंय. आणि व्हिडिओत वेगळीच गंमत. व्हिडिओ छोटा करताना ‘मागच्या फ्रेमसारखंच पुढच्या फ्रेममध्ये असणार’ या गृहीतकावर बरंचसं काम चालतं. कागदी कपच्यांचा पाऊस पडायला लागला की ते गृहीतक कोसळतं आणि चित्राचे ठोकळे होतात. पूर्ण मिरवणुकीत यंत्राला झेपलं नाही असं तेवढंच एक दृश्य होतं.

तर प्रश्न असा: बघ्याला मुळात जागाच नाही अशा ठिकाणी कॅमेरा घेऊन गेलेल्या माणसाने करायचं काय? गर्दीत घुसून पटापट फोटो काढणं हे एक उत्तर. त्याने पुष्कळ ऊर्जा मिळते आणि क्वचितच अर्थ. फ्रेझेचं उत्तर आपण पाहिलं. मला पटलेलं उत्तर लीआ गॉर्डन या ब्रिटिश फोटोग्राफर बाईंचं आहे, आणि गंमत म्हणजे वरवर पाहता ते फ्रेझेसारखंच दिसतं.

गॉर्डन १९९५ पासून हैतीच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या जाकमेल गावात कार्निव्हलचे फोटो काढत आल्या आहेत. त्यांचं ‘कानाव्हाल’ हे पुस्तक २०१० मध्ये आलं. त्याच वर्षी १२ जानेवारीला झालेल्या भूकंपाने जाकमेलचा जुना भाग मोडला होता आणि कार्निव्हल झालाच नाही. फोटो कृष्णधवल आणि चौकोनी, जुन्या यांत्रिक कॅमेऱ्याने काढलेले. अशा कॅमेऱ्यात एका रोलवर १२ फोटो निघतात. म्हणजे घाई नाही. मिरवणुकीच्या गोंगाटातून बाजूला, एखाद्या गल्लीत, सोंगवाल्यांशी बोलणी करून, पैसे ठरवून फोटो काढायचा ही त्यांची पद्धत.

इथेही माणसं थांबलीत, कॅमेऱ्याकडे बघतायत. फरक कुठे? पहिला फरक भिंतींचा. पोपडे उडालेल्या भिंती, बंद दारं, गल्लीतली धूळ. हे गाव आहे आणि सोंग त्या गावातलंच आहे, पाच मिनिटांनी कोपऱ्यावरून वळून पुन्हा गर्दीत जाणार आहे. दुसरा फरक नजरेचा. लान्सेत कोद म्हणजे दोरवाले. कोळशाची पूड आणि उसाची काकवी अंगभर फासलेली, डोक्याला बैलाची शिंगं, हातात दोर. रस्त्यात ते लोकांच्या अंगाला अंग घासून त्यांना काळं करतात. गॉर्डनच्या फोटोत ते उभे आहेत ते हिशेब करून उभे राहिल्यासारखे: तुला फोटो हवा, आम्हाला पैसे हवेत, आता काढ. फ्रेझेच्या फोटोंत कोण कोणाकडे बघतंय हे कळत नाही. इथे ते लख्ख कळतं.

पण पुस्तकाचा खरा जीव फोटोंमध्ये नाही, फोटोंशेजारी छापलेल्या बोलांमध्ये आहे, आणि हे मी फोटोंवर प्रेम करणारा माणूस म्हणून लिहितोय. सोंगं घेणारे स्वतः सांगतात. दोरवाले सांगतात की हे दोर म्हणजे आम्हाला ज्यांनी बांधलं होतं तेच. आणि हा खेळ १८०४ च्या स्वातंत्र्याचा. मग फोटोतल्या शिंगांकडे आणि दोराकडे बघण्याची तुमची नजर तिथल्या तिथे बदलते. चालोस्का नावाचं सोंग तर याशिवाय कळूच शकत नाही. लष्करी डगला, प्रचंड लाल ओठ, बाहेर आलेले दात. नुसता फोटो पाहिला तर विनोदी वाटेल. चालोस्का म्हणजे चार्ल्स ऑस्कर एतियेन, पोर्ट-ओ-प्रिन्समधला लष्करी अधिकारी, ज्याच्या हुकमाने २७ जुलै १९१५ ला तुरुंगातले दीडशेहून अधिक राजकीय कैदी मारले गेले. दुसऱ्या दिवशी चिडलेल्या जमावाने राष्ट्राध्यक्ष साम याला फ्रेंच वकिलातीतून ओढून ठार केलं, आणि त्याच दिवशी अमेरिकेचे सैनिक उतरले ते १९३४ पर्यंत राहिले. त्या माणसाचे दात आजही जाकमेलच्या रस्त्यावर टोळीने फिरतायत. शाळेच्या पुस्तकातला इतिहास तुम्ही विसरू शकता. हा तुमच्या अंगावर धावून येतो.

म्हणजे जे कातड्या-रंगातून दिसत नाही ते सोंगवाल्याच्या तोंडून ऐकायचं, आणि आपल्या चित्राच्या बरोबरीने छापायचं. गॉर्डननी बघ्याची जागा लपवली नाही. ती गिऱ्हाइकाची जागा आहे हे मान्य करून टाकलं.

यावरही आक्षेप आहेत, आणि ते माझेही आहेत. एक, कृष्णधवल. जाकमेलचा कार्निव्हल रंगांनी ओसंडतो. कागदाच्या लगद्याचे तिथले मुखवटे प्रसिद्ध आहेत. झेल मातुरें हे सॅटिनच्या कपड्यातले, फटाफट पंख आपटणारे सैतान करड्या छटांमध्ये पाहायचे म्हणजे मिरचीचं चित्र चाखण्यासारखं आहे. शिवाय कृष्णधवल झालं की सगळं जुनं वाटतं, आणि मग ‘द पीपल ऑफ इंडिया’ची सावली पडतेच. मला वाटतं गॉर्डन ती सावली ओळखून वापरतात, पण भिंतीवर टांगलेला फोटो पाहणाऱ्याला ते कळेलच असं नाही. दोन, पैसे. गल्लीत ठरलेला मोबदला एकदाच मिळतो; पुस्तक आणि प्रदर्शनं पुढे चालू राहतात, लंडनमध्ये, पॅरिसमध्ये.

या दुसऱ्या मुद्द्यावर न्यू ऑर्लिन्सच्या मार्डी ग्रासमधल्या सोंगवाल्यांनी फार हुशार प्रश्न विचारलाय. तिथले कृष्णवर्णीय ‘मार्डी ग्रास इंडियन’ वर्षभर मणी ओवून, पिसं शिवून अवाढव्य पोशाख करतात, आणि दर वर्षी नवा. त्यांचे फोटो कॅलेंडरांवर, पोस्टरांवर विकले जातात. शिवणाऱ्याला काही मिळत नाही. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात कपड्याला संरक्षण नाही, कारण कपडा ही वापरायची वस्तू. साधारण २०१० च्या सुमारास त्यांच्यातल्या काहींनी आणि त्यांच्या वकिलांनी भूमिका घेतली की हे कपडे नव्हेतच, ही शिल्पं आहेत, तशी नोंदवा. हे वाचून मी चक्रावलो. आमच्या क्षेत्रात ओपन सोर्सच्या लायसन्सवरून लोक रात्र रात्र भांडतात, पण आपण ज्याचा फोटो काढतो ते मुळात कोणाची तरी कृती आहे, आणि फोटो हे तिचं पुनर्मुद्रण आहे, हा विचार कठड्यामागे उभं असताना माझ्या आजूबाजूच्या एकाही कॅमेऱ्याला पडलेला दिसला नव्हता.

गोव्यात हे सगळं विचारायला पणजीपेक्षा चांगली जागा आहे. सासष्टीत, चांदोरला, कार्निव्हलच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी रात्री मुसळ खेळ होतो. चांदोर ही कदंबांची जुनी राजधानी. तिथले ख्रिस्ती पुरुष हातात मुसळं घेऊन, घुंगरांच्या आणि गाण्याच्या तालावर ती जमिनीवर आपटत घरोघर जातात. कठडे नाहीत, चित्ररथ नाहीत, किंग मोमो नाही. ज्याच्या अंगणात खेळ येतो तो बघ्या नसतो, यजमान असतो. रात्रीचा उजेड कमी, म्हणून फोटो कठीण: फोनचा नाइट मोड लागोपाठ बरेच फोटो घेऊन ते एकमेकांवर बसवतो, त्यात घराचा ओटा झकास येतो आणि हलणारी मुसळं धुरासारखी. मला सापडलेले या खेळाचे बहुतेक फोटो असे आहेत. खाली ठिकाण, तारीख आणि ‘गोवा कार्निव्हल’ एवढंच. गाण्यात काय म्हणतायत, पहिलं घर कोणाचं आणि का, मुसळ वर्षभर कुठे ठेवतात, पोराच्या हातात ते कितव्या वर्षी देतात, हे त्या माणसांच्या तोंडून ऐकून फोटोशेजारी छापलेलं मला अजून मिळालेलं नाही.