निर्वासित-अभ्यासातील ‘भागीदारी’ : एक चिकित्सा

निर्वासितांच्या प्रश्नावरील संशोधनात ‘समुदायाशी भागीदारी’ ही संज्ञा आता सर्वमान्य झाली आहे. ती नसलेला संशोधन-प्रस्ताव अपुरा वाटावा, इतकी. मात्र ही भागीदारी नेमकी कोणत्या टप्प्यावर सुरू होते, याची चिकित्सा तुलनेने कमी झालेली दिसते. प्रश्नावली तयार झाल्यानंतर समुदायाला बोलावणे आणि प्रश्न ठरवतानाच त्याला सोबत घेणे, या दोन्हींना एकच शब्द वापरला जातो.

या ज्ञानशाखेच्या पायाभूत ग्रंथांत बार्बरा हॅरेल-बाँड यांच्या ‘इम्पोझिंग एड’ (१९८६) या ग्रंथाचे स्थान वरचे आहे. युगांडातून दक्षिण सुदानमध्ये आलेल्या निर्वासितांचा हा अभ्यास. बाहेरून लादलेली मदत निर्वासिताला असहाय मानूनच पुढे जाते, हा त्याचा मथितार्थ. वसाहतींच्या बाहेर स्वबळावर स्थिरावलेल्या निर्वासितांकडे लेखिकेने वेधलेले लक्ष हे ग्रंथाचे खरे बलस्थान होय. परंतु मदतयंत्रणेवरील ही टीका संशोधनालाही तितकीच लागू पडते. बाहेरून ठरलेला प्रश्नही लादलेलाच असतो! ग्रंथाचा गौरव करणाऱ्या अनेकांनी त्याची ही बाजू सोयीस्करपणे बाजूला ठेवली.

ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वीच, १९८२ मध्ये, हॅरेल-बाँड यांनी ऑक्सफर्ड येथे निर्वासित-अभ्यासाचे केंद्र उभे केले होते. १९८८ मध्ये टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात असेच केंद्र सुरू झाले. भारत १९५१ च्या निर्वासितविषयक करारात सहभागी नाही. तरीही फाळणीचा अनुभव पाठीशी असलेल्या कोलकात्यात १९९६ मध्ये ‘कलकत्ता रिसर्च ग्रुप’ स्थापन झाला आणि १९९८ पासून ‘रेफ्युजी वॉच’ हे नियतकालिक निघू लागले. या संस्थांमुळे अभ्यासकांचे जाळे विणले गेले, हे निर्विवाद. पण ते प्रामुख्याने अभ्यासकांचेच जाळे राहिले. निर्वासित त्यात बहुधा माहिती देणारा, दुभाषा किंवा ऋणनिर्देशातील एक नाव म्हणूनच येतो.

या पार्श्वभूमीवर केनियातील दादाबचे उदाहरण अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहे. सोमालियातील यादवीमुळे १९९१ पासून तेथे शिबिरे उभी राहिली. २०१३ मध्ये यॉर्क विद्यापीठ आणि केनियातील विद्यापीठे यांनी एकत्र येऊन शिबिरांतील निर्वासित व परिसरातील स्थानिक शिक्षक यांच्यासाठी उच्च शिक्षणाचे अभ्यासक्रम सुरू केले. काही विद्यार्थ्यांनी शिबिरात राहूनच पदव्या मिळवल्या. ज्यांच्या मुलाखती घेतल्या जात, त्यांच्यापैकीच काहींना स्वतःचा संशोधन-प्रश्न मांडण्याची साधने मिळाली. येथे भागीदारी हा शब्द काही अंशी सार्थ ठरतो. ‘काही अंशी’ म्हणण्याचे कारण असे की, मुलींचे शालेय शिक्षण मध्येच सुटत असल्याने विद्यार्थिनींची संख्या कमीच राहिली. प्रवेशाचे दार उघडे असणे आणि दारापर्यंत पोहोचता येणे यांतील हे अंतर प्रकल्पाच्या गौरवपर वर्णनांत पुरेसे उमटत नाही.

शिवाय जाळे म्हटले की ये-जा गृहीत धरलेली असते. केनियाच्या शिबिर-धोरणाखाली निर्वासिताला परवान्याविना शिबिर सोडता येत नसे. शिबिरात लिहिलेला निबंध संगणकावरून क्षणात टोरांटोला पोहोचू शकतो. तो परिषदेत वाचण्यासाठी लेखकाला मात्र आधी परवाना, मग प्रवासपत्र आणि शेवटी व्हिसा अशा तीन दारांशी थांबावे लागते.