ऐवान : चौथी भिंत नसलेली खोली

इराणच्या जुन्या घरांविषयी लिहिताना दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक, ती घरे कडक उन्हाला दिलेले उत्तर आहेत. दोन, ती पडद्याची घरे आहेत. दोन्ही विधाने खरी आहेत, पण अपुरी आहेत असे आम्हाला वाटते.

काशान शहरातील बोरुजेर्दी आणि तबातबाई या व्यापारी घराण्यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या हवेल्या पाहा. रस्त्याकडे उंच भिंती. दारातून शिरल्यावर अंगण दिसत नाही. आधी 'हश्ती' नावाची देवडी, मग वळणाचे 'दालान' लागते. आपल्या मराठीतले 'दालन' फारसीतल्या याच शब्दावरून आले. त्यानंतर हौदाचे, झाडांचे अंगण आणि त्याकडे तोंड केलेला ऐवान. तीन बाजूंना भिंती, वर कमान, चौथी बाजू उघडी. म्हटले तर खोली, म्हटले तर अंगण. दक्षिणेकडची, उत्तराभिमुख बाजू सावलीची, म्हणून उन्हाळ्याची, समोरची हिवाळ्याची. ऋतू बदलला की कुटुंब घरातल्या घरात मुक्काम हलवी.

या ऐवानाला सरसकट 'इस्लामी' म्हणण्याची घाई आपले लेखकही करतात. आजच्या इराकमधला ताक-ए-किसराचा प्रचंड ऐवान सासानी राजांचा, म्हणजे इस्लामपूर्व. मुस्लिम कारागिरांनी हाच घाट मशिदी-मदरशांतून पुढे नेला. दुसऱ्याचे घेऊन आपले करण्यात कमीपणा नसतो, हे आपण मोकळेपणाने सांगायला हवे.

मात्र कौतुकात वाहवत जाणेही बरे नव्हे. मोठ्या घरांत पाहुण्यांसाठी 'बिरुनी' आणि कुटुंबासाठी, विशेषतः स्त्रियांसाठी, 'अंदरुनी' असे वेगळे भाग असत. ऐवानाचा सगळा मोकळेपणा कुंपणाच्या आतला. तिथल्या बाईला आभाळ मिळाले, गल्ली मिळाली नाही. आणि हे आभाळही ऐपतदारांच्या घरातले.

आज या हवेल्या पर्यटक पाहतात, गिलाव्यावरच्या नक्षीची छायाचित्रे काढतात. वास्तूवर लिहिणारेही बहुधा तिथेच थांबतात. ऐवानात कोण बसे, आणि कोणाला तिथून उठून आत जावे लागे, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्या घराचे मोल ठरवता येत नाही. उर्दूत संसदेच्या सभागृहालाही 'ऐवान' म्हणतात. तिथेही हाच प्रश्न विचारावा लागतो.